माझा फोन सरांच्या टेबलावर

"फोन इथं ठेव आणि तू बाहेर बस."

केबिनमध्ये सर होते, साइट बघणारे सलीमभाई होते, पुण्याहून आलेले दोन पाहुणे होते. सगळ्यांसमोर सर हे बोलले. मी फोन टेबलावर ठेवला. सरांनी डब्यातून कागदी रुमाल ओढला आणि माझा फोन पुसला. काच पुसली. पाठ पुसली. कडा पुसल्या. मग तो लॅपटॉपच्या शेजारी उभा केला आणि पाहुण्यांना म्हणाले, "हे आमचं बॅकअप नेट."

पाहुणे हसले. सर हसले. सलीमभाईंनी खाली बघितलं.

तो फोन माझा होता. मायनं घेऊन दिलेला. लॅपटॉपवर उघडलेला नकाशाही माझ्याच हातचा, आठ दिवस बसून काढलेला. दोन्ही आत राहिले. मी बाहेर आले. दार लागलं.

लई दिवस मला वाटायचं, यात सांगण्यासारखं काय आहे. फोन पुसला. बाहेर बसवलं. पण त्या दारामागं पुढचा दीड तास काय झालं ते सांगायचं तर इथूनच सांगावं लागतं.

मी जालना रोडकडच्या एका गावची. करमाडच्या पुढं आत जावं लागतं. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती, वस्तीत विहार, विहाराच्या मागं विहीर. दादा, म्हणजे माझे वडील, गवंड्याच्या हाताखाली जायचे. माय रोजानं खुरपायला. मी आयटीआयला ड्राफ्ट्समनचं शिकले, नकाशे काढायचं काम. खुर्चीवर बसायची नोकरी आमच्या घरात पहिली माझीच. माय गावभर सांगायची, "माझी पोरगी हापिसात कम्पुटरवर घरं बांधती."

ऑफिस औरंगाबादला, गारखेड्यात. सर आर्किटेक्ट. त्या वर्षांत शहर जालना रोडनं आमच्या अंगावर येत होतं. शेंद्र्याला कारखाने आले, कारखान्यांच्या मागं प्लॉटवाले आले. शिवारात पीक नव्हतं, पण चुना लावलेले हद्दीचे दगड जिकडंतिकडं उगवले होते. लागोपाठ दुष्काळ. गावात टँकर दोन दिवसांनी यायचा, कधी तीन. आणि मी ऑफिसात बसून आमच्या शेजारच्या शिवारावर बंगले आखायचे. क्लब हाउस, बाग, पोहायचा तलाव. नकाशात तलाव निळ्या रंगानं भरतात. मी भरायचे. संध्याकाळी घरी गेले की माय विचारायची, "आज काय बांधलंस?" मी तलावाचं कधी सांगितलं नाही.

ऑफिसात पाण्याच्या जारजवळ काचेचे ग्लास होते आणि एक स्टीलचा. पहिल्या दिवशी सरांनी मला स्टीलचा दिला. मग तोच राहिला. कोणी काही बोललं नाही, मीही विचारलं नाही.

नेटचं असं झालं. रस्ते रुंद करायचं काम चालू होतं. जेसीबीनं केबल तुटायची आणि ऑफिसचं नेट जायचं. पहिल्यांदा गेलं त्या दिवशी सरांना तातडीनं नकाशे पाठवायचे होते. ते सगळ्यांवर ओरडत होते. मीच उठून म्हणाले, "सर, माझ्या फोनवरून देऊ का?" फोनमध्ये हॉटस्पॉट चालू केला की फोनचं नेट लॅपटॉपला मिळतं. सरांच्या फोनला तिथं रेंज नव्हती, माझ्या फोनला होती. नकाशे गेले. सर म्हणाले, "हुशार आहेस गं."

त्या दिवशी बसमध्ये मी एकटीच हसत होते. कबूल करते. मला लई भारी वाटलं होतं.

मग रोजचंच झालं. सकाळी आल्या आल्या, "हॉटस्पॉट लाव." फोन सरांच्या टेबलावर, मी माझ्या कोपऱ्यात. मी पुढं डिप्लोमा करायचा म्हणून धडे फोनवर बघायचे. ऑफिसचं काम होईपर्यंत माझं नेट संपलेलं असायचं. घरी येऊन धडा उघडायला गेले की नुसतं गोल फिरायचं. फिरत राहायचं.

माझ्या नेटला मात्र वेगळा ग्लास लागत नव्हता. हे तेव्हा सुचलं नाही. आता सुचतं.

एकदा एक गिऱ्हाईक लॅपटॉप घेऊन आलं. सर म्हणाले, यांनाही जोडून दे. हॉटस्पॉटला एक नाव द्यावं लागतं, मी माझं दिलं होतं, आडनावासकट. त्या माणसानं स्क्रीनवर ते वाचलं. मोठ्यानं वाचलं. आणि सरांकडं बघितलं. नुसतं बघितलं. तो गेल्यावर सर म्हणाले, "ते आडनाव काढून टाक. ऑफिसचं नाव घाल. लोकांना दिसतं."

"दिसलं तर काय होतं, सर?"

"वाद नको घालूस."

मी काढून टाकलं. माझ्याच फोनवरून, माझ्याच बोटांनी.

आणि एक. माझ्या फोनवर कॉल आला की नेट तुटायचं. एकदा दुपारी मायचा कॉल आला आणि सरांची मोठी फाइल अर्ध्यात अडकली. सर म्हणाले, "घरी सांगून ठेव. ऑफिसच्या वेळेत कोणी फोन करायचा नाही." मी सांगितलं. मायला वाईट वाटलं असेल, पण ती म्हणाली, "बरं बाई. तुझं काम मोडाया नगं." त्यानंतर तिनं दिवसा कधीच फोन केला नाही. दादांनीही नाही. चार महिने एकही नाही.

म्हणजे दिवसा घरून फोन आला तर काहीतरी मोठंच झालेलं असणार. हे मला माहीत होतं. नियम सरांनीच केला होता, त्यांनाही माहीत असायला हवं होतं.

तर मी बाहेर बाकड्यावर बसले होते. आत लॅपटॉपवर व्हिडिओ कॉलनं मुंबईची माणसं जोडली होती, त्यांना नकाशा समजावून सांगणं चालू होतं. थोड्या वेळानं दार अर्धं उघडलं. सरांचं डोकं बाहेर आलं. "अगं, तो नाला कुठून जातो?"

"पूर्वेकडून, सर. बाभळींच्या कडेनं. पावसाळ्यात तिथं कमरेएवढं पाणी असायचं. बंगले तिथं नको."

दार लागलं. आतून सरांचा आवाज आला. "मी स्वतः साइट फिरलो आहे. नाला पूर्वेकडून जातो."

तेवढ्यात माझा फोन वाजला. माझीच रिंग, मला ओळखू येणारच. अर्धी वाजली आणि थांबली. मी म्हटलं, सिमकार्डच्या कंपनीचा फोन असेल. परत वाजला. परत अर्ध्यात थांबला. मी उठले. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी दारापाशी होते. हात वर केला होता. बोटं दुमडलेली. फक्त वाजवायचं होतं.

मी दार वाजवलं नाही.

का, ते मला नीट सांगता येत नाही. आत मोठी माणसं होती. बाहेर बस म्हणून सांगितलं होतं. नोकरी होती. मी हात खाली घेतला आणि परत बाकड्यावर जाऊन बसले. त्यानंतर रिंग वाजली नाही. सरांनी आवाज बंद केला होता, हे नंतर कळलं.

दीड तासानं दार उघडलं. पाहुणे गेले. सरांनी फोन माझ्या हातात दिला, गरम झालेला. म्हणाले, "घरून सारखे फोन येत होते तुझ्या. सांगितलेलं कळत नाही का त्यांना?"

मी बघितलं. दादा. दादा. दादा. सात वेळा. समोर मिस्ड कॉलची खूण नव्हती. कापलेल्या कॉलची होती.

मी लावला. दादांनी उचलला नाही, दुसऱ्याच माणसानं उचलला. गावातल्या जीपचा ड्रायव्हर. "ताई, तुम्ही कुठं हाव? लई फोन लावले ओ. सरकारी दवाखान्यात या. लवकर या."

सलीमभाईंनी माझं तोंड बघितलं आणि गाडीची किल्ली उचलली. "चल बेटा, बैठ." सगळीकडं रस्ते खोदलेले. त्या माणसानं खड्ड्यांतून, मातीच्या ढिगांवरून गाडी घातली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात दादा भिंतीला टेकून खाली बसले होते. त्यांचा बटणांचा फोन दोन्ही हातांत धरलेला. मावशी, मायची धाकटी बहीण, स्ट्रेचरजवळ उभी. स्ट्रेचरवर माय. तोंडापर्यंत पांढरं कापड.

टँकर आला होता. टँकरचं पाणी विहिरीत सोडतात आणि मग सगळी वस्ती एकदम काठावर येते. माय पोहऱ्याला दोर लावून वाकली, मागून रेटा आला. विहिरीत टँकरनं ओतलेलं तेवढंच पाणी, घोट्याएवढं. खाली खडक. वर काढली तेव्हा ती बोलत होती. जीपमध्येही बोलत होती. शहराच्या तोंडाशी चिकलठाणा ओलांडल्यावर बोलायची थांबली.

मावशी माझ्याकडं वळली. सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "तुझी माय मरत व्हती, आन तू फोन कापत व्हतीस."

मी दादांकडं बघितलं. दादांनी मान फिरवली.

मायला पोचवून आलो. तीन दिवस दादा माझ्याशी बोलले नाहीत. मी चहा दिला की घ्यायचे, प्यायचे, कप खाली ठेवायचे. घरात माणसं होती, येत होती, जात होती. प्रत्येकाला मावशी तेच सांगायची, जीपमध्ये काय झालं ते. माय म्हणत होती, "पोरीला फोन लावा. तिला विंग्रजी येतं, ती डागदरसंगं बोलंल." दादा लावत होते. कापला जात होता. लावत होते. कापला जात होता. सातव्या वेळेनंतर मायनं दादांचा हात धरला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. नगा लावू. सायेब रागावंल तिला."

हे तिचं शेवटचं बोलणं.

चौथ्या दिवशी मी दादांच्या समोर जाऊन बसले. म्हणाले, "दादा, मी फोन नाय कापला. फोन माझ्याकडं नव्हता."

"मंग कुणाकडं व्हता?"

"सरांकडं. त्यांच्या टेबलावर."

"फोन तुझा हाय ना?"

"व्हय."

"मंग त्येच्याकडं कशाला?"

मी समजावायला लागले. ऑफिसचं नेट बंद होतं. माझ्या फोनमधून त्यांच्या लॅपटॉपला नेट जातं, हवेतून जातं, म्हणून फोन जवळ ठेवावा लागतो, कॉल आला की ते तुटतं. दादा ऐकत होते. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग परत म्हणाले, "ते समदं खरं. पर तुझा फोन त्येच्याकडं कशाला?"

दादा चौथी शिकलेले. त्यांना हॉटस्पॉट कळला नाही असं मला आधी वाटलं. रात्रभर अंथरुणात पडून होते तेव्हा लक्षात आलं, त्यांना सगळं कळलं होतं. कळलं नव्हतं ते मला. फोन माझा. नेट माझं. नकाशा माझा. नाल्याची माहिती माझी, माझ्या लहानपणाची. ते सगळं आत चालत होतं. माझं आडनाव तेवढं चालत नव्हतं, माझा ग्लास चालत नव्हता, मी चालत नव्हते. आणि माझी माय आतपर्यंत येऊन सात वेळा परत पाठवली गेली होती. मी हे सगळं स्वतःच्या हातानं रोज सकाळी टेबलावर नेऊन ठेवत होते. हुशार आहेस म्हणाले म्हणून.

आठव्या दिवशी मी ऑफिसला गेले.

सर म्हणाले, "वाईट झालं गं. वय काय होतं?"

मी सांगितलं.

"या वयात विहिरीवर कशाला जायचं." मग त्यांनी घड्याळ बघितलं. "बरं झालं आलीस. केबल अजून जोडली नाही. जरा हॉटस्पॉट लाव, मीटिंग आहे."

मी त्यांच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसले. त्या ऑफिसात दोन वर्षांत त्या खुर्चीवर मी पहिल्यांदा बसले.

"सर, त्या दिवशी माझे कॉल कोणी कापले?"

"मीटिंग चालू होती. कॉल आला की सगळं बंद पडत होतं. तुला सांगितलं होतं ना, घरच्यांना सांग म्हणून?"

"सांगितलं होतं. चार महिने त्यांनी एक फोन केला नाही. त्या दिवशी सात केले. तुम्हाला काही वाटलं नाही?"

"मला काय स्वप्न पडलं होतं? तुम्हा लोकांचे फोन येतच असतात, काही ना काही कारणानं."

तुम्हा लोकांचे.

मी म्हणाले, "मला तुमच्याकडून काही नको. मी वडलांना फोन लावते. तुम्ही एवढंच सांगा की फोन तुम्ही कापले होते, पोरीनं नाही. एवढं एक वाक्य."

ते काही बोलायच्या आत मी फोन लावला. स्पीकर चालू केला. फोन टेबलावर ठेवला, त्यांच्या पुढ्यात. रिंग गेली. दादांनी उचलला. "हां. बोल."

सरांनी हात लांब केला आणि लाल बटण दाबलं.

"असले तमाशे इथं नकोत."

त्या दिवशी मी दाराबाहेरून फक्त रिंग थांबलेली ऐकली होती. आज डोळ्यांनी बघितलं. एक बोट. नीट कापलेलं नख. किती सहज जातं ते. चेहऱ्यावर काही नाही. माशी हाकलावी तसं.

मी रडेन असं वाटलं होतं. रडले नाही. फोन उचलला, उभी राहिले, परत लावला. बाहेरच्या खोलीतली माणसं ऐकत होती, सलीमभाई दारात उभे होते. मी मुद्दाम मोठ्यानं बोलले. "दादा, आत्ता फोन कापला तो सरांनी. त्या दिवशी बी त्यांनीच कापला, सात येळा. मी बाहेर बसले व्हते. मला रिंग ऐकू येत व्हती. दार वाजवायची माझी हिंमत झाली नाय. एवढी चूक माझी हाय. बाकीची समोर बसलेल्या माणसाची हाय. त्यांच्या तोंडावर सांगते."

दादा म्हणाले, "हे तुझ्या मायला कळाया पायजे व्हतं."

आणि त्यांनी फोन ठेवला.

मी निघाले तेव्हा सर ओरडले, "आणि नेट? मीटिंगचं काय?"

"नाही देत," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले. आणखी लई बोलायचं होतं, पण तेवढंच तोंडातून निघालं. जिन्यात सलीमभाई मागून आले. "बेटा, मैंने देखा था. स्क्रीन पे दादा लिखा था. मेरा मुँह नहीं खुला." त्यांचे डोळे भरले होते. मी म्हणाले, "माझ्या हातानं पण दार वाजवलं नव्हतं, भाई." त्यांना माफ केलं असं मी म्हणाले नाही. स्वतःलाही म्हटलेलं नाही.

ते काम गेलं. नंतर कळलं की सर चार ठिकाणी सांगत फिरले, मुलगी उद्धट आहे, घेऊ नका. आठ महिने घरी होते. त्या आठ महिन्यांत मीच टँकरला जायचे, त्याच विहिरीवर, त्याच काठावर. मग चितेगावकडच्या एका कारखान्यात ड्रॉइंगचं काम मिळालं. डिप्लोमा पूर्ण केला, उशिरानं, पण केला.

दादा आता माझ्याशी बोलतात. मावशीही बोलते. पण दादा दिवसा फोन करत नाहीत. कितीदा सांगितलं, कधीही करा, मी उचलते. करत नाहीत. परवा ताप आला होता दोन दिवस, तरी केला नाही. विचारलं तर म्हणाले, "तुझ्या कामात कशाला." एका माणसानं एका दुपारी सात वेळा बोट दाबलं, ते असं आत जाऊन बसलंय. ते मला काढता येत नाही. कुणालाच काढता येणार नाही.

नव्या ठिकाणी पहिल्याच आठवड्यात साहेबानं विचारलं, "हॉटस्पॉट आहे का गं तुझ्याकडं?" चांगला माणूस आहे तो. सहज विचारलं होतं. मी म्हणाले, "आहे. देणार नाही." तो बघत राहिला. पाठीमागं लोक म्हणाले, लई माज आहे. म्हणू द्या. फोन माझ्या टेबलावर असतो, काच वर करून, आवाज मोठा ठेवून. मीटिंगमध्येही माझ्या हाताशी असतो. वाजला की मी उचलते. समोर कोण बसलंय ते बघत नाही.

माय गेली तेव्हा तिला वाटत होतं, आपली पोरगी साहेबाला भिते. ते खोटं होतं असं मला म्हणता येत नाही. खरं होतं. मी भीत होते. आता भीत नाही, आणि पुन्हा कुणाला भिणार नाही.